चौकटीच्या वहीतला पीआरचा हिशोब

मी मुलुंडच्या एका माध्यमिक शाळेत २८ वर्षं गणित शिकवलं. निवृत्त झाले तरी चौकटीच्या वह्या घरात असतातच, दुधाचा हिशोबही त्यातच लिहिते. २०२३ च्या जुलैत एका रविवारी भाची आणि जावई जेवायला आले होते. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. ताटं उचलल्यावर भाचीने पर्समधून घडी केलेला एक कागद काढला. अंधेरीच्या एका एजंटने तो दिला होता. वर लिहिलं होतं, ‘कॅनडा पीआर : आवश्यक गुण ६७, तुमचे गुण ७६. अभिनंदन!’ (पीआर म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना.) आणि खाली फी, दीड लाख रुपये, त्यातले निम्मे त्याच आठवड्यात भरायचे.

“मावशी, पास झाले ना मी?”

मी म्हटलं, आधी मला तक्ता दाखव. त्या दिवसापासून आजवर भाचीचा, शेजारच्या दोन घरांतल्या मुलांचा आणि माझ्या पाच-सहा जुन्या विद्यार्थ्यांचा असा हिशोब मी करून दिला आहे. तो कसा करायचा तेच इथे लिहिते. एजंटकडे जायचं की नाही ते नंतर ठरवा. आधी स्वतःचे गुण स्वतः मोजा. त्याला लागते ती फक्त बेरीज.

पास होणं वेगळं, यादीत नाव लागणं वेगळं

अकरावीच्या प्रवेशाचं उदाहरण घेतलं की आपल्याकडे हे कुणालाही पटकन समजतं. दहावी पास व्हायला ३५ पुरतात. म्हणून काय ३५ वर हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळतो? तिथे कट-ऑफ लागतो, आणि तो कट-ऑफ तुमच्याबरोबर अर्ज केलेली बाकीची मुलं ठरवतात.

कॅनडाचंही तसंच आहे. गुण मोजून कुशल कामगार निवडायची पद्धत त्यांनी १९६७ साली आणली. आधी जो अर्ज करेल तो रांगेत उभा राहायचा. जानेवारी २०१५ पासून एक्स्प्रेस एन्ट्री आली आणि रांगेच्या जागी गुणवत्ता यादी आली. त्यामुळे तक्ते दोन आहेत, आणि त्या एजंटने भाचीला त्यातला एकच दाखवला होता.

पहिला तक्ता १०० गुणांचा. त्यात भाषेला २८, शिक्षणाला २५, अनुभवाला १५, वयाला १२, कॅनडातल्या पक्क्या नोकरीला १० आणि तिथे जुळवून घेता येईल का, यासाठी १०. यातले ६७ मिळाले की तुम्ही पात्र. शिवाय दोन अटी अशा की त्या नसतील तर बेरीज करायचीच नाही. इंग्रजीच्या चारही भागांत किमान सीएलबी ७ (सीएलबी म्हणजे भाषा किती येते ते मोजायची कॅनडाची पट्टी; आयईएलटीएस जनरल या इंग्रजीच्या परीक्षेत चारही ठिकाणी ६) आणि गेल्या १० वर्षांत एकाच प्रकारच्या कुशल कामाचा सलग एक वर्षाचा अनुभव, म्हणजे किमान १,५६० तास. भाचीचे ७६ मी पुन्हा मोजले. भाषा २३, शिक्षण २१, अनुभव १५, वय १२, आणि नवऱ्याला इंग्रजी येतं म्हणून ५. आकडा बरोबर होता.

पण ७६ घेऊन फक्त फाटकातून आत जाता येतं. आत गेल्यावर दुसरा तक्ता लागतो. तो १,२०० गुणांचा, त्याला सीआरएस म्हणतात. आत असलेल्या सगळ्यांना त्या गुणांनी क्रम लावतात. मग अधूनमधून ड्रॉ होतो आणि वरच्या अमुक इतक्या लोकांना अर्ज करायचं आमंत्रण जातं. आमंत्रण नाही तर पीआरचा अर्जच करता येत नाही. प्रोफाइल १२ महिने राहतं, मग संपतं. हवं तर पुन्हा भरायचं.

याबद्दल त्या कागदावर एक ओळ नव्हती. मला आजही त्याचा राग येतो. भाचीने पैसे भरले असते तर त्यांना ७६ गुणांचं एक प्रोफाइल मिळालं असतं, जे घरी बसून फुकट भरता येतं.

दोन रकाने

नवरा-बायको दोघं जाणार असतील तर मुख्य अर्जदार कोण, हे आधी ठरवावं लागतं. सगळ्यांचं म्हणणं होतं की भाचीने व्हावं, कारण ती ३० वर्षांची आणि जावई ३४ चे. वय कमी, गुण जास्त. मी वहीचं पान मधोमध दुमडलं आणि दोन रकाने केले.

दोघांनी जूनमध्येच आयईएलटीएस दिली होती. जावयांना चारही भागांत सीएलबी ९ मिळालं होतं. त्यासाठी ऐकण्यात ८ आणि वाचन, लेखन, बोलणं या तिन्हीत ७ बँड लागतात. भाचीचं लेखन ६.५ वर अडलं होतं, बाकी तिन्ही ठीक. ती बी.ई., ते बी.ई. आणि वर एम.ई. मेकॅनिकल. दोघांचाही अनुभव तीन वर्षांच्या वर.

भाचीचा रकाना (जोडीदारासह जाणाऱ्यांचे आकडे) : वय ९५. पदवी ११२. इंग्रजी २९, २९, २९ आणि लेखनाचे २२, एकूण १०९. जोडीदाराचं शिक्षण १०, जोडीदाराचं इंग्रजी २०. आणि शेवटी एक चीज असते जी बहुतेक लोक विसरतात. दोन गोष्टी एकत्र असल्या की जास्तीचे गुण मिळतात. चांगलं इंग्रजी अधिक पदवी, चांगलं इंग्रजी अधिक परदेशातला अनुभव. ‘परदेश’ म्हणजे त्यांच्या दृष्टीने परदेश, आपला तुर्भ्यातला किंवा अंधेरीतला अनुभव त्यात धरतात. तिथे तिला १३ आणि २५, म्हणजे ३८. बेरीज ३८४.

जावयांचा रकाना : वय ७५. मास्टर्स १२६. इंग्रजी ११६. बायकोचं शिक्षण ८, इंग्रजी १८. जोडीचे गुण ५० आणि ५०, म्हणजे पूर्ण १००. बेरीज ४४३.

वय चार वर्षांनी जास्त, आणि गुण ५९ ने जास्त. दोघं वहीकडे बघतच राहिले. वयाने २० गुण गेले होते, पण मास्टर्सने आणि त्या जोडीच्या गुणांनी ते भरून वर कितीतरी आले. म्हणून माझं प्रत्येक जोडप्याला सांगणं असतं, अंदाजाने ठरवू नका, दोन्ही बाजूंनी मोजा. आणि जोडीदाराने इंग्रजीची परीक्षा दिलीच नसेल तर तिथले २० गुण जातात. ‘मी कशाला देऊ, मुख्य अर्जदार तर तू आहेस’ असं म्हणणारे बरेच भेटतात.

एकटा जाणारा असेल तर आकडे थोडे वेगळे. वय ११० पर्यंत, पदवी १२०, मास्टर्स १३५, सीएलबी ९ ला प्रत्येकी ३१. तक्ता कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर उघड आहे आणि तिथे गणकयंत्रही आहे. तरी मी म्हणते, एकदा हाताने मोजा. गुण कुठून येतात हे त्याशिवाय कळत नाही.

अर्ध्या बँडची किंमत

भाचीच्या रकान्यात मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो लेखनाच्या ६.५ वर. समजा ते ७ झाले. इंग्रजीत २२ चे २९ होतात, ७ गुण वाढले. पण चारही भागांत सीएलबी ९ आल्यामुळे जोडीचे गुणही १३ चे २५ आणि २५ चे ५० होतात. ७ अधिक १२ अधिक २५, एकूण ४४. एका भागातला अर्धा बँड आणि ४४ गुण!

या तक्त्यात नोकरी करता करता काही महिन्यांत इतके गुण दुसऱ्या कशाने वाढत नाहीत. म्हणून सांगते, सीएलबी ९ एकाही भागात हुकलं असेल तर पुन्हा परीक्षा द्या. फीची रक्कम बघून मन मागे घेऊ नका. मुख्य अर्जदार जावई असल्यामुळे भाचीच्या नव्या परीक्षेने त्यांचे दोनच गुण वाढणार होते, ४४३ चे ४४५. तरी तिने सप्टेंबरमध्ये परत दिली. पुढे कधी मुख्य अर्जदार बदलावा लागला तर हाताशी असावं म्हणून.

तिचं लेखन का अडत होतं? मी इंग्रजीची शिक्षिका नाही, पण वेळ मोजता येतो. जनरल परीक्षेत आधी १५० शब्दांचं पत्र असतं आणि मग २५० शब्दांचा निबंध. दोन्हीला मिळून एक तास, आणि निबंधाला पत्राच्या दुप्पट वजन. माझ्या स्वयंपाकघरातलं घड्याळ समोर ठेवून मी तिला लिहायला बसवलं. पत्रालाच तिने ३२ मिनिटं घेतली. फार सुंदर पत्र होतं, आणि निबंध अर्धवट राहिला. पाच शनिवार आम्ही तेच केलं. वीस मिनिटं झाली की मी पत्राचा कागद ओढून घ्यायचे. सप्टेंबरमध्ये ७ आले.

आणि वाढदिवस

दहावीचे टक्के एकदा मिळाले की मिळाले. इथे मात्र काहीही न करता गुण कमी होतात. जोडीदारासह जाणाऱ्याला २० ते २९ वयापर्यंत १०० गुण. तिसाव्या वाढदिवसाला ९५, आणि मग चाळिशीपर्यंत दर वाढदिवसाला पाच-पाच कमी. ४० ला ४५ उरतात. पुढे उतार तीव्र होतो : ३५, २५, १५, ५, आणि ४५ व्या वर्षी शून्य. वहीत एक ओळ वाढदिवसांची लिहून ठेवा, प्रत्येक तारखेसमोर तेव्हाची बेरीज. मुलं म्हणतात, बाई, अजून एक वर्ष अनुभव घेऊन मग बघतो. परदेशी अनुभवाचे जोडीचे गुण तीन वर्षांनंतर वाढतच नाहीत. चौथ्या, पाचव्या, आठव्या वर्षाने या तक्त्यात काहीच मिळत नाही, वयाचे मात्र जातात.

४४५ वर काय झालं

काहीच झालं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रोफाइल भरलं. बरोबरीचे गुण असले की आधी भरणाऱ्याला प्राधान्य असतं, म्हणून तयार झाल्यावर रेंगाळू नये. पण ड्रॉ मागून ड्रॉ गेले, कट-ऑफ वरच राहिला.

सोसायटीत एक काका भेटले की सांगायचे, आमच्या ओळखीतल्या मुलाला ७५ वर मिळालं, तुमचे ४४५ असून कसं नाही? काकांची बातमी खरी होती. १३ फेब्रुवारी २०२१ ला कट-ऑफ ७५ वर आला होता आणि २७,३३२ लोकांना आमंत्रणं गेली होती. पण तो ड्रॉ कॅनडात आधीच राहून काम केलेल्यांसाठी होता. कोविडच्या काळात बाहेरून कुणी येऊ शकत नव्हतं, म्हणून आत असलेल्यांना घेतलं. बाहेरच्या कुशल कामगारांचे ड्रॉ डिसेंबर २०२० नंतर थांबले ते थेट ६ जुलै २०२२ ला सुरू झाले, आणि तेव्हाचा कट-ऑफ होता ५५७. २३ एप्रिल २०२४ च्या सर्वसाधारण ड्रॉमध्ये ५२९. त्यानंतर सर्वांसाठीचे ड्रॉ बंद पडले आणि ठराविक गटांचे चालू राहिले.

म्हणून कट-ऑफचा आकडा ऐकला की विचारा, कोणत्या गटाचा? एक गट कॅनडात कामाचा अनुभव असलेल्यांचा. दुसरा, एखाद्या प्रांताने निवडलेल्यांचा; प्रांताच्या नामांकनाला ६०० गुण मिळतात, म्हणजे आमंत्रण जवळपास नक्की, पण प्रत्येक प्रांताच्या अटी आणि व्यवसायांच्या याद्या निराळ्या, आणि क्वेबेक तर या पद्धतीच्या बाहेरच आहे. आणि जून २०२३ पासून तिसरा प्रकार आला, त्यांना ज्यांची गरज आहे त्यांचा : आरोग्यसेवेतले लोक, सुतार-प्लंबरसारखे कारागीर, फ्रेंच येणारे. याद्या बदलत राहतात. २०२५ मध्ये शिक्षणक्षेत्र त्यात आलं.

वहीत खाली मी लिहिलं : ‘४४५. वर जायला उरलं काय?’ पीएचडी नाही. भाऊ-बहीण तिकडे नाही, असते तर १५ मिळाले असते. नोकरीचा प्रस्ताव नाही. उरलं फ्रेंच.

चार-वीस-दहा

फ्रेंचच्या चारही भागांत सातवी पातळी आणली तर जास्तीचे ५० गुण, आणि दुसऱ्या भाषेचे म्हणून वर १२. शिवाय फ्रेंच येणाऱ्यांचा ड्रॉ वेगळा. २९ फेब्रुवारी २०२४ ला त्याचा कट-ऑफ ३३६ होता. जावयांच्या हातात तेव्हा ४४० होते, नुकताच ३५ वा वाढदिवस झाला होता.

ते तेव्हा पाच महिने फ्रेंच शिकत होते. न्यू मरीन लाइन्सला आलियाँस फ्राँसेझ आहे, शनिवार-रविवारचे वर्ग. मुलुंडहून सीएसएमटीची गाडी, उतरून आझाद मैदानाच्या कडेने चालत जायचं. आठवड्याचे पाच दिवस ते रबाळ्याच्या कंपनीत, सहावा-सातवा दिवस फ्रेंच. सातवी पातळी म्हणजे युरोपीय मोजमापात साधारण बी२, आणि शून्यापासून तिथवर पोचायला त्यांना दीड वर्ष लागलं. सहा महिन्यांत करून देतो म्हणणाऱ्यांच्या जाहिराती दिसतात. नोकरी करणाऱ्या माणसाने दीड वर्ष धरूनच बसावं.

त्यांचं ऐकणं कच्चं होतं, विशेषतः आकडे. फ्रेंचमध्ये सत्तरला साठ-दहा म्हणतात, नव्वदला चार-वीस-दहा. मला ते फार आवडलं. माझी आजी चिंचा मोजायची तेव्हा ‘चार विसा नि दहा’ असंच म्हणायची. मी त्यांना म्हटलं, फ्रेंच म्हणून ऐकू नका, आजीचा हिशोब म्हणून ऐका. रोज रात्री फोनवर मी मराठीत आकडा सांगायचे आणि ते फ्रेंचमध्ये म्हणायचे. ९७ म्हणजे चार-वीस-सतरा. दोन महिन्यांत आकडे पक्के झाले.

जानेवारी २०२५ ला टीईएफ कॅनडा ही फ्रेंचची परीक्षा दिली. टीसीएफ कॅनडाही चालते. निकाल आला तेव्हा ते ३६ चे झाले होते, म्हणजे ४४५ मधले १० वयाने गेले. ४३५ अधिक ६२, बेरीज ४९७. २१ मार्च २०२५ च्या फ्रेंच ड्रॉमध्ये ७,५०० आमंत्रणं गेली, कट-ऑफ ३७९. एक आमंत्रण मुलुंडला आलं.

६० दिवसांत कागद, पण तयारी आधीची

आमंत्रणानंतर अर्ज भरायला ६० दिवस मिळतात, आणि ते भराभर जातात. काही कागद त्या दिवसांत तयारच होऊ शकत नाहीत. आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षं चालतो आणि अर्ज करायच्या दिवशीही तो चालू असावा लागतो. जावयांची परीक्षा जून २०२३ ची. मार्चऐवजी उन्हाळ्यात आमंत्रण आलं असतं तर अडचण झाली असती. वहीच्या पहिल्या पानावर सगळ्या कागदांच्या ‘कधीपर्यंत’च्या तारखा लिहा.

पदवीचं मूल्यमापन, म्हणजे ईसीए. बहुतेक जण ‘वेस’ या संस्थेकडून करून घेतात. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट घ्यावी लागते. आपली पदवी तिथल्या कशाच्या बरोबरीची हे तो अहवाल ठरवतो, आणि गुण त्या अहवालावर मिळतात, आपल्या समजुतीवर नाही. तो पाच वर्षं चालतो. जोडीदाराच्या पदवीचे गुण हवे असतील तर तिचाही करा.

नावं. आपल्याकडे हा घोळ घरोघरी आहे. भाचीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग तिचं नाव, वडिलांचं नाव आणि शेवटी आईचं. पासपोर्टवर नवऱ्याचं आडनाव. पगाराच्या चिठ्ठीवर नुसती आद्याक्षरं. तीन कागद आणि तीन बायका! विवाह नोंदणीचा दाखला आणि ही एकच व्यक्ती आहे असं नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र जोडून ते मिटलं. कागद मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र लागतं, आणि भाषांतर घरच्या माणसाने केलेलं चालत नाही. मला करायचं होतं, मीच गळाले.

कामाचं पत्र हा सगळ्यात नाजूक कागद. तिकडे प्रत्येक व्यवसायाला पाच आकडी क्रमांक असतो, त्याला एनओसी म्हणतात (सोसायटीची ना-हरकत नव्हे). मेकॅनिकल इंजिनीअरचा २१३०१. कार्डावरचं पद काय आहे याला किंमत नाही, रोजचं काम त्या वर्णनाशी जुळायला हवं. जावयांच्या कार्डावर ‘मॅनेजर’ होतं आणि काम होतं यंत्रांच्या डिझाइनचं. पत्र कंपनीच्या लेटरहेडवर हवं. पद, रुजू झाल्याची तारीख, कामाची जंत्री, आठवड्याचे तास, पगार आणि सवलती, सही करणाऱ्याचं नाव आणि संपर्क, हे सगळं त्यात असावं. त्यांच्या आधीच्या एका कंपनीने दोन ओळींचं पत्र दिलं, ‘अमुक ते अमुक काळात नोकरीस होते, वर्तणूक चांगली.’ तीन वेळा हेलपाटे घातले, एचआरचं उत्तर एकच, आमचा साचा हाच. शेवटी तिथल्या जुन्या साहेबांकडून कामाचं सविस्तर पत्र घेतलं. सोबत पगारपत्रकं, फॉर्म १६, नेमणुकीचं पत्र आणि असं का करावं लागलं याचा खुलासा जोडला. तो चालला. पण सरकारी वर्णनातली वाक्यं जशीच्या तशी पत्रात उतरवू नका, आपण खरंच जे करतो ते आपल्या शब्दांत असू द्या.

पोलिसांचा दाखला पासपोर्ट कार्यालयाकडून मिळतो. गेल्या दहा वर्षांत दुसऱ्या कुठल्या देशात सलग सहा महिने राहिला असाल तर तिथलाही लागतो, आणि आखातातून आलेल्यांनी त्याला आधी हात घालावा. वैद्यकीय तपासणी त्यांनी नेमलेल्या डॉक्टरकडेच. आमच्या वेळी ती अर्जानंतर झाली. २१ ऑगस्ट २०२५ पासून अर्जाच्या आधीच करून घ्यावी लागते, म्हणजे ६० दिवसांत आणखी एक काम.

पैसे. तिकडे पक्की नोकरी नसेल तर खर्चापुरती रक्कम दाखवावी लागते, आणि हा आकडा दर वर्षी बदलतो. भाची, जावई आणि त्यांची मुलगी अशा तिघांसाठी तेव्हा २२,४८३ कॅनेडियन डॉलर लागत होते, साधारण साडेतेरा लाख रुपये. जुलै २०२५ पासून २३,३६०. राहता फ्लॅट दीड कोटीचा असला तरी तो यात धरत नाहीत. कर्ज काढलेले पैसेही नाहीत. बँकेच्या पत्रात खातं कधी उघडलं, आजची शिल्लक, गेल्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक आणि डोक्यावरची कर्जं हे सगळं असावं लागतं. म्हणून आदल्या महिन्यात नातेवाइकांकडून एकदम मोठी रक्कम खात्यात घेऊ नका. माझ्या बहिणीने भाचीला चार लाख दिले होते, पण ते आदल्या वर्षीच, रीतसर बक्षीसपत्र करून. सरकारी शुल्क वेगळं : एप्रिल २०२४ च्या दराने मोठ्यांना प्रत्येकी १,५२५ डॉलर, मुलीचे २६०, आणि बोटांच्या ठशांचे कुटुंबाला १७०.

एजंट

सगळे वाईट नसतात. पण पैसे घेऊन कॅनडाच्या अर्जाचा सल्ला देणारा माणूस तिथला वकील असावा लागतो, किंवा कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स या संस्थेत नोंदलेला सल्लागार. तिच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून कुणालाही तपासता येतं. समोरच्याचा क्रमांक मागा, त्याच्यासमोर तपासा. आमंत्रणाची हमी कुणीही देऊ शकत नाही, कारण कट-ऑफ त्याच्या हातात नसतो.

माझ्या एका विद्यार्थ्याला एकाने नोकरीचा प्रस्ताव विकत देऊ केला होता, काही लाख रुपयांना, ५० गुण मिळतील म्हणून. तो माझ्याकडे आला तेव्हा पैशांची जुळवाजुळव चालू होती. मी हात जोडले त्याला. खोटा कागद पकडला गेला तर पाच वर्षांची बंदी येते, आणि ती कॅनडाच्या नोंदीत राहते. २५ मार्च २०२५ ला सरकारने नोकरीच्या प्रस्तावाचे गुणच काढून टाकले, याच खरेदी-विक्रीमुळे. त्याचे पैसे वाचले. तो आता फ्रेंच शिकतो आहे.

ऑस्ट्रेलियाबद्दल विचारतात म्हणून थोडं. तिथेही पात्रता ६५ ची आणि आमंत्रण त्याहून बऱ्याच वर. वयाच्या मात्र पायऱ्या आहेत. २५ ते ३२ ला ३० गुण, ३३ ते ३९ ला २५, ४० ते ४४ ला १५, आणि ४५ ला दार बंद. त्यामुळे तिथे तेहतिसाव्या आणि चाळिसाव्या वाढदिवसाची तारीख महत्त्वाची, मधली वर्षं एकसारखी. इंग्रजीत चारही ठिकाणी ७ बँड असतील तर १०, ८ असतील तर २०. आणि आधी तुमच्या व्यवसायाच्या संस्थेकडून कौशल्याची तपासणी लागते. संगणकवाल्यांची वेगळी, इंजिनीअरांची वेगळी. तिथूनच सुरुवात करा.

गेल्या आठवड्यात एक माजी विद्यार्थिनी आली होती. २९ वर्षांची, एकटी, परळच्या रुग्णालयात परिचारिका. वाचन, लेखन, बोलणं तिन्हीत सीएलबी ९, ऐकण्यात ७.५. म्हणजे अर्धा बँड कमी. तिसावा वाढदिवस मार्चमध्ये, आणि त्या दिवशी ११० चे १०५ होणार. तिच्यासमोरच फेब्रुवारीची परीक्षेची तारीख घेतली, आणि वहीत तिच्या नावाचं पान उघडलं. आता ती रोज ड्यूटीवर जाताना लोकलमध्ये कानात इंग्रजी बातम्या लावते. मी तिला सांगितलं आहे, कुर्ल्यापर्यंत बातम्या, तिथून परळपर्यंत ऐकलेलं मनात परत म्हणायचं.